फट टबाची, ओल खालच्या घराची

नवा टब बसवून मिस्त्री निघून गेला, की घरातले सगळे टबाचा आकार बघतात, नळ बघतात, चकाकी बघतात. खरं तर नजर जायला हवी टबाच्या कडेवर, जिथे टब आणि भिंत एकमेकांना भेटतात. न्हाणीघर किती टिकणार आणि खालच्या मजल्यावरच्यांशी आपलं किती जमणार, हे बरंचसं त्या कडेवर ठरतं.

माझ्या भाचीने कोथरूडच्या जुन्या फ्लॅटमधला टब काढून नवा ॲक्रिलिकचा आणला. भिंतीच्या टाइल्स जुन्याच ठेवल्या. नवा टब थोडा अरुंद असल्याने भिंतीलगत फट राहिली, एका टोकाला करंगळीही जाणार नाही अशी, तर दुसऱ्या टोकाला अंगठा सहज जाईल एवढी. मिस्त्री म्हणाला, "ताई, व्हाइट सिमेंट भरून देतो, कळणारही नाही." तिने मला फोन केला, "मावशी, चालेल ना?" मी ठाम नाही म्हटलं.

फट अशी निमुळती होण्यात टबाचा दोष नसतो. टब साच्यातून येतो, त्याची कड सरळ असते. आपली भिंत विटांची आणि गिलावा हाताने चढवलेला. ओळंबा लावून काम केलं तरी थोडाफार फरक राहतोच. पण फट भरताना खरा विचार करायचा तो हालचालीचा. टबात २०० लिटर पाणी भरलं की २०० किलो वजन आलं, त्यात माणूस उतरला की आणखी ६०-७० किलो. कड किंचित खाली जाते, टब रिकामा झाला की वर येते. त्यात ॲक्रिलिक उष्णतेने टाइलच्या जवळपास दहापट प्रसरण पावतं. दीड मीटर लांबीचा टब २० अंशांनी तापला तर सुमारे २ मिलिमीटरने वाढतो. व्हाइट सिमेंट वाळताना आधीच आकसतं आणि वाळल्यावर तसूभरही ताणत नाही. अशा ठिकाणी त्याला चीर पडणारच.

केसाएवढ्या त्या चिरेतून पाणी टबाखाली जातं आणि तिथे ते कुणालाच दिसत नाही. पुष्कळ इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब खोलगट ठेवून वर भराव घातलेला असतो. तो भराव पाणी पिऊन बसतो. काही महिन्यांनी खालच्या घराच्या छतावर डाग उमटतो, मग रंगाचे पोपडे निघतात आणि शेवटी स्लॅबमधल्या सळ्यांना गंज चढतो. गंजलेली सळई फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते, पण संडास, बेसिन अशा आतल्या गळतीचा खर्च त्या त्या सभासदावर पडतो. पैसे देऊन छत दुरुस्त होतं. भांडणात तुटलेला शेजार मात्र तसा दुरुस्त होत नाही.

मग फट भरायची कशाने? साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असेल तर बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन पुरेसं आहे. त्याहून रुंद, पण १२ मिलिमीटरच्या आत असेल, तर आधी फटीत फोमची गोल दोरी दाबून बसवायची आणि तिच्यावर सिलिकॉन भरायचं. सिलिकॉनने टब आणि भिंत या दोनच बाजू धरायला हव्यात. तळालाही चिकटलं तर त्याला ताणायला जागा उरत नाही आणि ते फाटतं. फोमला सिलिकॉन चिकटत नाही, म्हणून ही दोरी. फट याहून मोठी असेल तर नळीवर नळी रिकामी करण्यात अर्थ नाही. खाली पक्का आधार देऊन ग्रॅनाइटची पट्टी बसवावी, तिचा उतार टबाकडे ठेवावा आणि दोन्ही कडांना सिलिकॉन भरावं. भाचीला मी हेच सुचवलं.

सिलिकॉन भरण्याआधीची तयारी जास्त महत्त्वाची. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, म्हणून जुनं पूर्ण खरवडून काढायचं. साबणाचा थर स्पिरिटने पुसायचा. फट आतून कोरडी हवी. पावसाळ्यात तर पंखा लावून नीट सुकवल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते संगमरवराला डाग पाडतं, तिथे न्यूट्रल प्रकारचं मागा. आणि भरण्याआधी टब पाण्याने भरून ठेवा. फट तेव्हा सगळ्यात जास्त उघडलेली असते. त्या अवस्थेत सिलिकॉन भरलं आणि निदान २४ तास पाणी तसंच राहू दिलं, तर पुढे टब भरला तरी सांधा ताणून फाटत नाही.

एवढं करूनही सिलिकॉन हा फक्त वरचा पहारा आहे. काही वर्षांनी तो बदलावा लागतोच. पाणी अडवण्याचं मुख्य काम खालच्या वॉटरप्रूफिंगचं. भिंतीच्याही टाइल्स नव्या होणार असतील तर आधी वॉटरप्रूफिंग, मग टब आणि शेवटी टबाच्या कडेवर उतरणाऱ्या टाइल्स, हा क्रम मिस्त्रीकडून पाळून घ्या. टाइल कडेवर आली की भिंतीवरून ओघळणारं पाणी आपोआप टबात पडतं आणि फट उरते ती जेमतेम ३ मिलिमीटरची. टाइल्स जुन्याच ठेवणार असाल तरी जुना टब उचलल्यावर उघडी पडलेली जमीन ही मोठी संधी आहे. तेव्हाच वॉटरप्रूफिंग करून घ्या, जमीन आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यांत गोलसर वाटा मारून घ्या. मग निचऱ्याचं तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवा.

ही चाचणी आपल्या न्हाणीघरात उभं राहून पूर्ण होत नाही. पाणी साठवण्याआधी खालच्या घरी जा, काय करतो आहोत ते सांगा. दोन दिवसांनी त्यांच्याबरोबर त्यांचं छत नीट बघा. ते कोरडं आहे असं त्यांनी सांगितल्यावरच मिस्त्रीला टब बसवायला सांगा.