एडिंबरोस जाऊन काय पाहिले?

एडिंबरोस जाऊन आलेल्या मराठी माणसाचा लेख हाती पडला की तो वाचण्यापूर्वी त्यात काय असेल हे आम्ही मनाशी सांगून पाहतो, आणि आमचा अंदाज क्वचितच चुकतो. पूर्वी त्यात किल्ला असे, राजवाडा असे, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर बॅगपाइप वाजविणारा एखादा मनुष्य असे. अलीकडे या लेखांनी नवा वेष घेतला आहे. किल्ला व राजवाडा पाहणे हे आता सामान्य जनांचे लक्षण ठरले असून, 'अपरिचित एडिंबरो', 'गर्दीपलीकडचे एडिंबरो' अशा मथळ्यांखाली दहा-दहा स्थळांच्या याद्या छापून येऊ लागल्या आहेत. गेल्या वर्षात असे तीन लेख आमच्या वाचनात आले. तिन्हींत डीन व्हिलेज होते, तिन्हींत सर्कस लेन होती, तिन्हींत ग्रेफ्रायर्सचे कबरस्तान होते, आणि तिन्हींत 'जणू चित्रातले' हे शब्द होते. एकमेकांस न ओळखणाऱ्या तिघा लेखकांना नेमकी तीच स्थळे अपरिचित वाटावीत, या योगायोगाचे आम्हांस कौतुक वाटते.

आमचा आक्षेप स्थळांवर नाही. ती खरोखरच सुंदर आहेत. आमचा आक्षेप असा की, ज्या डोळ्यांनी किल्ला पाहिला त्याच डोळ्यांनी डीन व्हिलेज पाहिल्याने ते परिचित होत नाही. त्या वस्तीस वॉटर ऑफ लीथ या लहानशा नदीने जन्म दिला. त्या पाण्यावर शेकडो वर्षे पिठाच्या चक्क्या चालल्या आणि शहराच्या भाकरीचे पीठ तेथे दळले गेले. पाव भट्टीत सरकविण्याच्या लांब दांड्याच्या फळ्या एकमेकींवर आडव्या कोरलेले भट्टीवाल्यांच्या संघाचे दगड तेथे अजून दिसतात. सर्वांच्या छायाचित्रांत येणारी ती लालसर इमारत म्हणजे वेल कोर्ट. 'स्कॉट्समन' वृत्तपत्राचे मालक फिंडले यांनी १८८० नंतरच्या काही वर्षांत कामगार कुटुंबांसाठी ती बांधविली. यातले एक अक्षरही त्या तीन लेखांत नाही. छायाचित्रे मात्र भरपूर; त्यांपैकी एकात तर कोणाच्या तरी घराची खिडकी आणि खिडकीत वाळत घातलेले कपडेही आले आहेत. तेथे माणसे राहतात, हे निदान त्या कपड्यांवरून तरी कळावयास हरकत नव्हती.

ग्रेफ्रायर्सची कथा याहून मौजेची. तेथे लोक दोन गोष्टी पाहतात. एक, बॉबी नावाच्या इमानी कुत्र्याचा फाटकाबाहेरील पुतळा. त्याचे नाक चोळणे शुभ असते अशी कोणीतरी उठविलेली आवई खरी मानून प्रवाशांनी ते झिजवून टाकले आहे. दुसरी, हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांतील खलपुरुषाच्या नावाशी ज्याचे नाव जुळते अशा एका गृहस्थाची कबर. याच आवारात जेम्स हटन पुरलेला आहे. पृथ्वीचे वय सहा हजार वर्षे असे धर्मपंडित सांगत असता, १७८५ साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडून ज्याने काळाची भिंतच पाडली, तो हा हटन. शहराच्या डोक्यावरच्या सॉल्सबरी क्रॅग्जच्या कड्यात वितळलेला खडक गाळाच्या थरांत घुसल्याच्या खुणा त्याने वाचल्या. ज्या खडकावर किल्ला उभा आहे तोही बेसॉल्टच, सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीचा. आमच्या सह्याद्रीचा काळा दगड त्याच जातीचा, परंतु त्यामानाने काल-परवाचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. रायगडावर लहानाचा मोठा झालेला मनुष्य एडिंबरोच्या किल्ल्याखाली उभा राहून त्या दगडास हात लावीत नाही आणि कुत्र्याचे नाक मात्र चोळतो!

आता आमची स्वतःचीही झडती घेतली पाहिजे, नाहीतर हा सगळा उपदेश दुसऱ्यांसाठीच राखून ठेवल्यासारखे होईल. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही प्रथम एडिंबरोस गेलो तेव्हा एका प्रवासी मंडळीबरोबर गेलो होतो. किल्ल्याच्या दाराशीच, कॅसलहिलवर, एक उंच मनोरा आहे. त्याच्या माथ्यावर एका अंधाऱ्या खोलीत, पांढऱ्या गोल मेजावर, आरसा व भिंग यांच्या साह्याने खालच्या शहराचे हलतेचालते चित्र उमटते. खालच्या मजल्यांवर आरशांची भुलभुलय्या व दृष्टिभ्रमाचे नाना खेळ मांडलेले आहेत. आम्ही तिकीट काढले, आरशांत लांबोडके व बुटके झालो, मेजावरच्या चित्रातील माणसे कागदाच्या तुकड्यावर उचलून पाहिली, पोटभर हसलो आणि बसमध्ये येऊन बसलो. परत आल्यावर काही महिन्यांनी डॉ. घुर्ये यांच्याविषयी वाचीत असता पॅट्रिक गेडीस हे नाव आले, आणि आम्ही चरकलो. १८९२ साली गेडीसने घेतलेला आणि 'आउटलुक टॉवर' या नावाने जगाला माहीत केलेला मनोरा तो हाच! १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा जो विभाग सुरू झाला, त्याचा पहिला प्राध्यापक हाच गेडीस. घुर्ये त्याचे विद्यार्थी. त्याच्याच शिफारशीने ते केंब्रिजला गेले आणि १९२४ साली त्याच विभागाचे प्रमुख झाले. ज्या विद्यापीठाची पदवी आम्ही तीस वर्षे नावापुढे मिरविली, त्याचे एक मूळ त्या मनोऱ्यात होते, आणि आम्ही तेथे आरशात तोंडे वेडीवाकडी करून आलो होतो.

गेडीसने त्या मनोऱ्याचे काय केले होते, हे सांगण्यासारखे आहे. तो पाहुण्यास प्रथम थेट माथ्यावर नेई. तेथे डोळ्यांपुढे आपले शहर. मग एकेक जिना उतरावा तसतशी दृष्टी रुंदावत जाई: एडिंबरो, मग स्कॉटलंड, मग इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप, आणि सर्वांत खाली जग. जगाचे ज्ञान आपल्या गल्लीपासून सुरू होते, हा त्याचा सिद्धान्त त्याने जिन्याच्या पायऱ्यांत बांधला होता. आणि तो नुसता वर उभा राहून पाहणारा नव्हता. १८८६ च्या सुमारास तो नवपरिणीत पत्नी ॲना हिच्यासह जेम्स कोर्टातील कोंदट, पडक्या चाळवजा घरांत राहावयास गेला. गल्ल्या झाडल्या, भिंतींस चुना दिला, उकिरड्यांच्या जागी लहान लहान बागा केल्या. जुनी वस्ती सरसकट पाडू नये. जेवढे सडले तेवढेच कापावे व उरलेल्यास हवा आणि उजेड द्यावा, ही त्याची पद्धत. १९१४ पासून पुढे याच पद्धतीने त्याने हिंदुस्थानातील अनेक शहरांवर अहवाल लिहिले. मुंबई इलाख्यातील गावांवरही लिहिले. आमच्या शहरांतील जुने वाडे आणि चाळी ज्या वेगाने जमीनदोस्त होत आहेत तो पाहता, ते अहवाल एखाद्या नगरपालिकेत कोणी उघडले असतील असे मानण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. असो. हा विषय निराळा आहे आणि आमचे डोके फिरविणारा आहे.

सांगावयाचे ते इतकेच की, तो मनोरा काही आडबाजूस नाही. शहरातील सर्वांत गजबजलेल्या रस्त्यावर तो उभा आहे, रोज हजारो लोक त्यात शिरतात, आणि तरी तो अपरिचित आहे. उलट सर्कस लेनची छायाचित्रे पाहून पाहून आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही ती पाठ झाली असेल.

यावर दोन आक्षेप येतील. नव्हे, आमच्या घरातच आलेले आहेत. पहिला असा की, मध्यमवर्गीय माणूस काही लाख रुपये साठवितो, आठ-दहा दिवसांची रजा काढतो आणि बायकामुलांस घेऊन जातो तो चार घटका मौज करण्यासाठी; प्राध्यापकमहाशयांनी तेथेही त्याची परीक्षा घ्यावी काय? आक्षेप वरवर पाहता बिनतोड आहे. मौज करू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही; आरशांत आम्हीही हसलो, ते वर सांगितलेच. परंतु ज्या गोष्टींविषयी आम्ही बोलत आहो त्यांना पैसा लागत नाही व वेळही फार लागत नाही. लेडी स्टेअर्स क्लोजमधील लेखकांचे संग्रहालय, १६२२ साली बांधलेल्या घरातले, बर्न्स, स्कॉट व स्टीव्हन्सन यांच्या वस्तूंनी भरलेले, विनामूल्य आहे. कॅननगेटचे चर्च तर त्याच रस्त्याच्या खालच्या अंगास आहे. राजवाड्याकडे जाणारा प्रत्येक मनुष्य त्याच्या फाटकावरून जातो.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. परदेशी जाऊनही आपलेच काही धुंडाळीत बसणे हा कोतेपणा नव्हे काय? होय, तेवढेच केले तर कोतेपणाच. म्हणूनच कॅननगेटच्या आवारात शिरावे. तेथे ॲडम स्मिथ आहे, १७९० साली वारलेला. त्याची कबर पाहावयास अर्थशास्त्राचे विद्यार्थी येतात. परंतु आम्ही थांबलो ते रॉबर्ट फर्ग्युसनच्या कबरीपाशी. त्याचा आमच्याशी कसलाही संबंध नाही. आपल्या शहराच्या गल्ल्या, दारूची दुकाने, जत्रा व चावट मंडळी यांच्यावर शहराच्याच बोलीत कविता करणारा हा तरुण १७७४ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, वेड्यांच्या इस्पितळात मेला, आणि बिनखुणेच्या खड्ड्यात पुरला गेला. बारा वर्षांनी बर्न्स एडिंबरोस आला. ज्याच्या कवितेने आपणास वाट दाखविली त्याच्या कबरीवर साधा दगडही नाही हे पाहून त्याने परवानगी मागितली व स्वतःच्या खर्चाने दगड बसविण्याची व्यवस्था केली. बर्न्स त्या वेळी श्रीमंत नव्हता. पुढेही झाला नाही. त्या दगडापाशी आम्ही अर्धा तास होतो. त्या अर्ध्या तासात तिसरा मनुष्य आला नाही.

तथापि संबंध जेथे आहे तेथे त्याकडे पाठ फिरविणे हेही मोठेपणाचे लक्षण नव्हे. किल्ल्यासमोरील पटांगणात मराठी कुटुंबे एकमेकांची छायाचित्रे घेतात. तेथेच ७८ व्या हायलँडर्स पलटणीचा उंच दगडी क्रूस आहे. १८५७-५८ साली हिंदुस्थानात मेलेल्या तिच्या शिपायांचे ते स्मारक. या पलटणीच्या चिन्हावर हत्ती आहे आणि त्याबरोबर 'असई' हे नाव. असई आमच्या जालना जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर, तोफांच्या तोंडाशी, चाल करून गेलेल्यांत ही पलटण होती. आणि १८५७ च्या जुलैत कानपूरच्या वाटेवर नानासाहेब पेशव्यांच्या फौजेशी लढलेल्या हॅवलॉकच्या सैन्यातही ती होती. तेथे जाऊन मुठी आवळाव्यात असे आम्ही सुचवीत नाही. ती दूरच्या खेड्यांतली गरीब पोरे होती आणि त्यांची हाडे आमच्याच मातीत आहेत. परंतु त्या क्रूसाकडे पाठ करून, किल्ला पार्श्वभूमीला घेऊन, हसऱ्या मुद्रेने उभे राहणाऱ्या मराठी माणसास निदान आपण कोठे उभे आहोत एवढे तरी ठाऊक असावे की नाही?

गेल्या वर्षी पुतण्याच्या पदवीदान समारंभासाठी आम्ही पुन्हा तेथे गेलो. तो त्या शहरात वर्षभर राहिला होता. त्यास आम्ही भेटण्याची जागा सांगितली ती प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाशी, रजिस्टर हाउससमोरच्या घोडेस्वाराच्या पुतळ्याखाली. तो पुतळा वेलिंग्टनचा, म्हणजे असईच्या वेलस्लीचा. १८५२ साली उभारलेला. वर्षभरात त्या पुतळ्याखाली शंभर वेळा मित्रांची वाट पाहिली, पण तो कोणाचा हे विचारण्याचे सुचले नाही, असे त्याने मोकळेपणाने सांगितले. तेथून वॉटर्लू प्लेसने पूर्वेकडे थोडे चालले की उजव्या हातास भिंतीत फाटक आहे. आत पायऱ्या चढून गेले की ओल्ड कॅल्टनचे कबरस्तान.

तेथे रोमन धर्तीच्या गोल बुरुजासारखी, रॉबर्ट ॲडमने आखलेली डेव्हिड ह्यूमची समाधी आहे. नास्तिक म्हणून ज्यास १७४५ साली एडिंबरोच्या विद्यापीठाने प्राध्यापकी नाकारली, त्याचे नाव पुढे त्याच विद्यापीठाने एका उंच इमारतीस दिले, आणि वर्णासंबंधीच्या त्याच्या एका अनुदार टिपेमुळे २०२० साली पुन्हा काढून घेतले. समाधी मात्र जेथल्या तेथे आहे. जवळच एक लिंकनचा पुतळा आहे, अमेरिकन यादवी युद्धात लढलेल्या स्कॉटिश शिपायांच्या स्मरणार्थ १८९३ साली उभारलेला. आणि या सर्वांवर मान काढून उभा आहे तो सुमारे नव्वद फुटांचा काळसर स्तंभ. १७९३-९४ साली सामान्य जनांस मताधिकार व पार्लमेंटची सुधारणा मागितल्याबद्दल राजद्रोही ठरवून ऑस्ट्रेलियाच्या काळ्या पाण्यावर धाडलेल्या पाच माणसांचे हे स्मारक. थॉमस म्यूर या तरुण वकिलास चौदा वर्षांची शिक्षा झाली. स्तंभ उभा राहावयास १८४४ साल उजाडावे लागले. आमच्याकडील राजद्रोहाच्या खटल्यांचा इतिहास ज्याने शाळेत पाठ केला आहे, त्यास या दगडावरची नावे परकी वाटू नयेत.

पुतण्याने नावे वाचली. हे खटले चालले तेव्हा इंग्लंडचा गृहमंत्री हेन्री डंडस होता, सरकारी बाजू मांडणारा मुख्य वकील त्याचाच पुतण्या रॉबर्ट डंडस होता, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्षपद १७९३ पासून १८०१ पर्यंत याच हेन्री डंडसकडे होते, असे आम्ही त्यास सांगितले. तो जरा थांबला.

"काका, हा डंडस म्हणजे सेंट अँड्र्यू स्क्वेअरमधल्या त्या उंच खांबावरचाच ना? आम्ही दुपारी डबा खायला त्याच्याखालीच बसायचो."

तोच, असे आम्ही म्हटले. खांब तेथून पायी दहा मिनिटांवर आहे. गुलामांचा व्यापार बंद होण्यास डंडसने लावलेल्या विलंबाविषयी २०२१ साली तेथे फलक बसविला गेला आणि त्याच्या मजकुरावरून शहरात पुष्कळ भांडणही झाले. पुतण्यास तो फलक वाचावयाचा होता. पाऊस भुरभुरू लागला होता, छत्री एकच होती, आम्ही निघालो.