तीन दिवसांत झालेला कायदा आणि आपल्या गावातली पोरं

ओळखीतल्या एका घरातली गोष्ट. गाव आपल्या शिरोळ तालुक्यातलंच, नाव नको. उसाचं बिल बापाच्या खात्यावर आलं आणि आठवड्याभरात पोरानं रमीत उडवलं. फोन पोराकडे, पासवर्ड पोराला पाठ. बापाला कळलं ते सोसायटीचा हप्ता भरायला गेल्यावर.

अशी घरं ठिकठिकाणी आहेत, म्हणून गेल्या वर्षीच्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचं मी स्वागतच केलं होतं. पण तो झाला कसा, तेही बघा. २० ऑगस्ट २०२५ ला विधेयक लोकसभेत मांडलं आणि त्याच दिवशी मंजूर. २१ ला राज्यसभेत मंजूर. २२ ला राष्ट्रपतींची सही. विरोधकांचा गदारोळ सुरू होता, आवाजी मतदान झालं, धड चर्चा नाहीच. ऑगस्टमध्ये वाडीत आपलं लक्ष पाण्याच्या पातळीवर असतं. तेवढ्यात दिल्लीत कायदा होऊन गेलासुद्धा.

आता दुसरं टोक बघा. कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर लावायचा कायदा महाराष्ट्रानं १९७६ मध्ये केला. तो कधी लागूच झाला नाही. शेवटी २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. सत्तेचाळीस वर्षं कागद नुसता पडून! म्हणजे मनात असेल तर तीन दिवस, नसेल तर अर्धं शतक.

घाई झाली तर बिघडलं काय, असं कुणी विचारेल. सरकारच्याच अंदाजानं सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपये घालवत होते. मग थांबायचं कशाला? मान्य. पण विधेयक समितीकडे गेलं असतं तर काही प्रश्न तरी विचारले गेले असते. परदेशात बसलेल्या ॲपवाल्याला धरणार कोण? टेलिग्रामवरून आयडी वाटणाऱ्या एजंटाचं काय? आधीच कर्जात बुडालेल्या घराचं काय?

कायद्यात शिक्षा कडक आहे. पैशाचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं किंवा पन्नास लाखांपर्यंत. नामांकित कंपन्यांनी पैशाचे खेळ बंदही केले. पण क्रिकेटच्या मॅचला चहाच्या टपरीवर उभं राहा, आयडी कुणाकडे मिळतो ते पाच मिनिटांत कळेल. आम्हाला कळतं, तर पोलिसांना कळत नाही का?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्यामुळं पोरगं अडकलं असेल तर अब्रूच्या भीतीनं गप्प बसू नका. आधी बँकेचा पासवर्ड बदला, सावकाराकडे जाऊ नका. फसवणूक झाली असेल तर १९३० ला फोन लावा. आणि आपल्या आमदार-खासदारांना एकच विचारा : कायदा झाला, आपल्या तालुक्यात गुन्हे किती नोंदवले?

उत्तर मिळालं तर मलाही कळवा. इथंच छापतो.