लेखणीचा धनी कोण?

दूरचित्रवाणीवरील सरस नाटक पाहून प्रेक्षक पात्रांची वाहवा करतात. ते लिहिले कोणी, हे क्वचितच विचारतात. अमेरिकेत या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर विचार करावयास लावणारे आहे.

त्या देशाचा १९७६ चा स्वामित्वहक्काचा कायदा १ जानेवारी १९७८ पासून अमलात आला. नुसत्या कल्पनेला त्यात संरक्षण नाही. ती ज्या शब्दांतून, प्रसंगांतून व पात्रांतून साकार होते, त्या रचनेला आहे. हे योग्यच होय. दोन घराण्यांचे वैर आणि त्यांच्या मुलांची प्रीती ही कथा कोणा एकाच्या मालकीची कशी असेल?

परंतु हे संरक्षण लाभते कोणास? नोकरीत राहून, अथवा तशा लेखी कराराने, निर्मात्यासाठी नाटक लिहिले की कायद्याच्या दृष्टीने त्याचा लेखक तो निर्माताच ठरतो! दूरचित्रवाणीची बहुतेक नाटके याच वर्गात मोडतात. हा हक्क प्रकाशनापासून ९५ वा निर्मितीपासून १२० वर्षे, यांपैकी जी मुदत आधी संपेल तोवर टिकतो. द्रव्य व धोका निर्मात्याचा, हे खरे. तथापि नांगरणाऱ्याचे नावही शेताला उरू नये, हा न्याय नव्हे.

गिरमिटियांच्या वंशजांना हे समजावून सांगावयास नको. रत्नागिरीकडून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या कित्येकांनी न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उमटविला; पीक मळेवाल्याचे झाले. दोन्ही दुःखे एका मापाची नव्हेत. धडा मात्र एकच. एकट्याची सही दुबळी असते.

अमेरिकेतील पटकथालेखकांनी तो ओळखला. १९६० साली सुमारे पाच महिने संप करून त्यांच्या संघाने निवृत्तिवेतन व आरोग्यनिधी मिळविला. २०२३ साली १४८ दिवसांच्या संपानंतर, यंत्राने रचलेला मजकूर लेखकाच्या लेखनाच्या तोलाचा धरावयाचा नाही, हे निर्मात्यांकडून मान्य करवून घेतले. कायद्याने जे दिले नाही, त्यातील काही एकजुटीने पदरात पाडले.

म्हणून मंडळाच्या रंगमंचासाठी लिहिणाऱ्या तरुणांनी आपली संहिता चित्रणासाठी दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी करार अक्षरशः वाचावा. न उमगल्यास जाणत्याला विचारावे, आणि मंडळाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे. पूर्वजांना तो कागद वाचता येत नव्हता. वंशजांना ती सबब उरलेली नाही.