बोटीची पॉलिश नको, धुण्याची वही दाखवा!



पर्यटनाच्या धंद्यावर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, कोकणात जुनी स्पीडबोट स्वस्तात मिळतेय. इटियाडोहवर चालवायला घेऊ का?"

विचार वाईट नाही. महाशिवरात्रीला प्रतापगडावर जत्रा भरते, दर्ग्यावर भाविक येतात, नवेगावबांधला जंगल पाहायला पर्यटक येतात आणि जवळच इटियाडोहचं एवढं मोठं पाणी आहे. पण बोटीचे फोटो पाहून इसार देऊ नका. आधी परवानगीचं बघा. पाणी जलसंपदा विभागाचं की वनविभागाचं, तिथे इंजिनची बोट चालते का, हे लेखी कळल्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे. ते जमलं तर मालकाला एकच प्रश्न विचारा: "इंजिन गोड्या पाण्याने कधी-कधी धुतलं, त्याची नोंद आहे का?"

माझं मत स्पष्ट आहे. समुद्रात चाललेल्या बोटीची किंमत तिच्या वयावर किंवा रंगावर ठरत नाही, या एका सवयीवर ठरते.

आत नेमकं काय होतं?

या स्पीडबोटींपैकी बऱ्याच स्टर्नड्राइव्ह असतात. म्हणजे इंजिन बोटीच्या आत, मागच्या बाजूला, आणि पंखा फिरवणारा पाय बाहेर पाण्यात. या इंजिनला मोटारीसारखा हवेवर थंड होणारा रेडिएटर नसतो. बाहेरचंच पाणी रबरी पात्यांचा पंप, म्हणजे इम्पेलर, आत ओढतो. ते पाणी उष्णता घेतं आणि धुराबरोबर बाहेर पडतं.

आता समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. संध्याकाळी इंजिन बंद केलं की आत राहिलेलं पाणी सुकतं आणि मीठ चिकटून बसतं. रोज थोडं-थोडं. बारीक वाटा बुजतात, लोखंड गंजतं. सगळ्यात आधी मार बसतो तो धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्ड आणि रायझरला. तो भाग आतून गंजून फुटला की पाणी थेट सिलिंडरमध्ये शिरतं. मग दुरुस्ती नाही, नवं इंजिनच बघावं लागतं.

शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळं समजावायला नको. तणनाशक मारून आल्यावर फवारणीचा पंप कितीही दमलो तरी आपण धुऊन ठेवतो. कारण न धुतलेल्या पंपाने पुढची फवारणी केली तर उभं पीक जळतं. बोटीचंही तसंच. फरक इतकाच की इथे नुकसान दोन-तीन वर्षांनी दिसतं, म्हणून माणूस टाळत राहतो.

"आमचं इंजिन बंद कूलिंगचं आहे, धुवायची गरज नाही"

विकणारा हे नक्की म्हणेल. अर्धं खरं आहे. अशा इंजिनात ब्लॉकमधून कूलंट फिरतो, त्यामुळे ब्लॉक वाचतो. पण त्या कूलंटला थंड करणारा हीट एक्स्चेंजर, पंप आणि बहुतेक वेळा धुराचा मार्ग, यांतून खारं पाणीच जातं. म्हणजे धुणं चुकलेलं नाही.

हिशोब करूया

धरून चालू, कोकणातल्या मालकाची बोट वर्षात १५० दिवस चालते आणि रोज १५ मिनिटं धुण्यात जातात. वर्षाचे झाले साडेसदतीस तास. मजुरी दिवसाला ५०० रुपये धरली तर २,३०० च्या आसपास. इंजिन आयडलवर चालतं, तासाला ४ लिटर पेट्रोल आणि लिटरला १०५ रुपये धरले तर पावणेसोळा हजार. एकूण झाले १८ हजार. तुमचे आकडे वेगळे असतील, ते टाकून बघा.

रक्कम लहान नाही, म्हणूनच लोक ती वाचवतात. पण हा खर्च टाळता येत नाही मित्रांनो, तो फक्त पुढे ढकलता येतो. आणि ढकललेला खर्च कोण भरतो? ज्याला बोट विकली तो. म्हणजे तुम्ही, बचत गटाचं कर्ज काढून!

बघायला जाल तेव्हा

ओळखीचा मरीन मेकॅनिक सोबत न्या. मालकाला सांगा, "माझ्यासमोर धुऊन दाखवा." सवय असलेला माणूस न विचारता हा क्रम पाळतो:

१. इंजिनचं झाकण उघडून ब्लोअर काही मिनिटं चालवतो, म्हणजे साचलेली पेट्रोलची वाफ निघून जाते.
२. पाय पूर्ण खाली ठेवतो, पंख्याजवळ कोणाला उभं राहू देत नाही.
३. पाणी ओढायच्या जाळीवर रबरी कप लावून आधी नळ सोडतो, मगच इंजिन सुरू करतो. कोरडं चालवलं तर इम्पेलर मिनिटभरातही जळू शकतो.
४. न्यूट्रलमध्ये, आयडलवर, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवतो. थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय गोडं पाणी सगळीकडे नीट फिरत नाही. दोन मिनिटांत बंद करणारा फक्त देखावा करतोय.
५. आधी इंजिन बंद, मग नळ बंद.

(काही मॉडेलमध्ये पाणी जोडायची जागा वेगळी असते. तिथे कंपनीचं पुस्तकच प्रमाण.)

एवढ्यावर थांबू नका. नळावर उभं इंजिन थंडच राहतं. बोट पाण्यात घालून, वजन टाकून, वेगात चालवा आणि तापमानाचा काटा बघा. वाटा बुजल्या असतील तर तिथे काटा वर चढतो. मेकॅनिककडून एक रायझर खोलून आतला गंज बघून घ्या. मालक खोलू देत नसेल, तर तेच तुमचं उत्तर.

आपल्याकडे आल्यावर

"आपलं पाणी तर गोडं, मग धुवायचं कशाला?" रोज नका धुऊ. पण आपल्या जलाशयांत पाणी उतरलं की गाळ आणि शेवाळ-गवत वर येतं. ते जाळीत अडकतं, गाळ इम्पेलर घासतो. उथळ पाण्यात चालवल्यावर आणि हंगाम संपवून बोट ठेवताना स्वच्छ पाण्याने धुवाच. बोअरचं पाणी भांड्यावर पांढरा थर धरत असेल तर ते वापरू नका, नाहीतर मीठ काढून चुना भराल.

आणखी एक. समुद्रातल्या बोटीला जस्ताचे अ‍ॅनोड असतात, जे स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतात. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही. मॅग्नेशियमचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे बसवून घ्या. हा खर्च सौदा करतानाच धरा.

शेवटी धंद्याचं बोलतो. आपल्याकडे गर्दीचे दिवस मोजकेच: जत्रा, दिवाळीची सुट्टी, शनिवार-रविवार. नेमक्या त्या दिवशी इंजिन तापलं तर स्पेअर यायला आठवडा जाईल आणि तोवर गिऱ्हाईक गेलेलं असेल. म्हणून आजच दोन रुपयांची नाही तर चांगली जाड वही घ्या. तारीख, किती तास चालवलं, कधी धुतलं, कोणी धुतलं. रोज एक ओळ. पाच वर्षांनी तुम्ही बोट विकाल तेव्हा पुढच्या माणसाने हाच प्रश्न विचारला, तर तुमच्या हातात उत्तर असेल आणि भावही तुम्हीच सांगाल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत इसार खिशातच ठेवा!