दर्यादरवाजा उघडा ठेवणारा सेनापती

खाडीकाठ : खाडीकर

मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई कशी घेतली, हे आपल्या जिल्ह्यात शेंबडं पोरही सांगेल. किल्ला हाती येईना, तेव्हा चिमाजी अप्पा सरदारांना म्हणाले, मला तोफेच्या तोंडी बांधा, निदान माझं शिर तरी किल्ल्यात पडू दे. मग सरदार पेटले, सुरुंग उडाले, बुरूज ढासळला आणि पोर्तुगीज फिरंगी हरला. शाळेच्या स्नेहसंमेलनात इथे टाळ्या पडतात आणि पाठोपाठ पडदाही पडतो. त्या पडद्यामागे हरलेल्या फिरंग्यांचं पुढे काय झालं, हे विचारून बघा. कापून काढले? कैद केले? बाटवले? दहांतले नऊ जण डोकं खाजवतात.

ते गेले. अख्खी शिबंदी, बायकापोरं आणि जमेल तेवढं सामान घेऊन गलबतांत बसून मुंबईला गेली. हत्यारं खांद्यावर, निशाणं उभारलेली, नगारे वाजताहेत, अशी गेली. आणि अप्पांनी ती जाऊ दिली, लेखी करार करून.

डंकर्क आपल्याला माहीत असतं, कारण त्यावर सिनेमा आहे. २६ मे ते ४ जून १९४० या दिवसांत हिटलरच्या फौजांनी समुद्राकडे रेटत नेलेल्या ३,३८,२२६ सैनिकांना ब्रिटिशांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून उचलून आणलं. लढाऊ जहाजांबरोबर मासेमारीच्या होड्या आणि हौशी लोकांच्या नौकाही लावल्या. त्या गर्दीत मुंबई बंदरातून डिसेंबर १९३९ मध्ये निघालेल्या हिंदी खेचर-तुकड्यांचे जवानही होते. सिनेमात ते शोधायला जाऊ नका. पण डंकर्कची माघार शत्रूच्या नाकावर टिच्चून झाली. वसईची झाली ती शत्रूच्या संमतीने. बोईसरहून गाडी धरली तर तासाभरात वसई रोड येतं, आणि तिथली ही माघार आपल्या गावीही नसते. मला तर मोहिमेतला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो.

आधी आपल्या घरचं, तारापूरचं. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्यानंतर दोनशे वर्षांत दमणपासून चौलपर्यंत किनारा त्यांचा झाला: डहाणू, तारापूर, शिरगाव, केळवे-माहीम, डोंगरावरचं अशेरी. वसई ही त्या उत्तर प्रांताची राजधानी. मराठ्यांनी मार्च १७३७ मध्ये ठाणं घेतलं आणि साष्टी हाती आली, पण वसई तेव्हा हुकली. पुढच्या फेरीत अप्पा स्वतः उतरले आणि त्यांनी आधी उत्तरेकडचे, म्हणजे आपल्याकडचे किल्ले उचलले. जानेवारी १७३९ मध्ये माहीम पडलं आणि लगोलग तारापुरावर सुलतानढवा झाला. तटाला सुरुंग लावले, शिड्या चढवल्या, मग हातघाई. आतले लोक मागे हटले नाहीत. बाजी भिवराव रेठरेकर, पेशव्यांच्या घरच्यासारखा वाढलेला सरदार, इथे गोळी लागून पडला. तारापुरातून नगारे वाजवत कोणी बाहेर आलं नाही. तलवारीच्या जोरावर घेतलेल्या किल्ल्यातल्या माणसांना त्या काळी करार नसायचा. जे वाचले ते नशिबाने. आज तो किल्ला खासगी मालकीचा आहे, आत वाडी आहे, आणि एमआयडीसीत कामाला येणाऱ्या हजारोंना चिंचणीच्या वाटेवर असा काही किल्ला आहे याचा पत्ताही नाही.

तारापूर आणि वसई यांत महिने चारच आहेत. पण एका ठिकाणी कत्तल आणि दुसऱ्या ठिकाणी कुळवाडी हिशेबासारखा कलमवार करार, असं का झालं? याचं उत्तर मेच्या हवेत आहे.

फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. किल्ला असा, की बहुतेक बाजूंनी पाणी आणि दलदल, धड जमीन एकाच अंगाला. मोर्चे पुढे सरकवायचे तर त्याच अंगाने, तोफांच्या माऱ्यात. मार्चमध्ये खाडीपलीकडची धारावी घेतली (उत्तनजवळची, मुंबईची नव्हे) आणि खाडीच्या तोंडावर मराठ्यांची नजर बसली. पोर्तुगीज सेनाधिकारी सिल्व्हेरा द मेनेझिस लढताना पडला. गोव्याहून मोठी कुमक येणं शक्य नव्हतं, कारण त्याच जानेवारीत व्यंकटराव घोरपड्यांची मराठा फौज गोव्यात शिरून मडगावपर्यंत पोचली होती. मुंबईच्या इंग्रजांनी मदत केली, पण कशी? चर्चची चांदीची भांडी आणि पितळी तोफा गहाण ठेवून घेतल्या आणि पंधरा हजार रुपये दिले. शेजारी बुडत असताना तारण मागणारा सावकार आपल्या ओळखीचा आहे.

मेमध्ये सुरुंग उडाले, तट फुटला, दोन दिवस खिंडारात रण माजलं. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ सांगतो की मराठ्यांचे पाच हजारांवर मेले-जखमी झाले आणि पोर्तुगीजांचे आठशे. हे आकडे शेजारी ठेवून बघा. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या सहापट माणसं गमावली होती. मराठे बुरुजावर पोचले होते, पण आत अजून शहर शिल्लक होतं, दगडी घरं, मठ, चर्चं, प्रत्येकाच्या भिंती किल्ल्याएवढ्या जाड. गल्लीगल्लीत तारापूर झालं असतं.

आणि वर पाऊस येऊन ठेपला होता. मेच्या शेवटच्या आठवड्यात सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, कुठेही जा. जाळी उतरलेली असतात, होड्या वर ओढून शाकारायची घाई चाललेली असते, बाया आगोटीचे सुके बोंबील आणि सुकट डब्यांत भरत असतात. आता १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी सरकारी आहे, पण दर्या बंद व्हायला सरकारी आदेश कधीच लागला नव्हता. वारं नैर्ऋत्येचं झालं की शिडाचं गलबत खाडीच्या तोंडातून बाहेर काढायची कोणा तांडेलाची छाती होत नाही. वसईच्या दलदलीत पावसाळ्यात वेढा चालवणं म्हणजे मोर्चात गुडघाभर पाणी आणि दारूचा चिखल. उलट, किल्ल्यातल्या लोकांना समुद्राने जायचं असेल तर त्यांच्याकडेही हेच चार-आठ दिवस होते. दोघांच्याही डोक्यावर एकच मृग.

तिसरी गोष्ट दिल्लीची. नादिरशहाने मार्चमध्ये दिल्लीत कत्तल केली होती. पेशवे बाजीराव, अप्पांचे थोरले भाऊ, खानदेशाच्या अंगाला फौज जमवत होते आणि अप्पांच्या हातातलं सैन्य त्यांना हवं होतं. वसई लवकर आवरा, हा तगादा होता. नादिरशहा मेच्या मध्यावर दिल्लीहून परतीला लागला, पण ती बातमी कोकणात पोचायची होती.

अशा वेळी अप्पांनी करार केला. पोर्तुगीजांकडून कायतान द सोझा परेराने. पोर्तुगीज तारखेप्रमाणे १६ मे १७३९ ला कलमं ठरली आणि २३ मेला शहर रिकामं करून दिलं. आपल्या पुस्तकांत वसई १२ मेला मिळाली असं असतं; दिवस तोच, इंग्रजांचं तेव्हाचं जुनं कॅलेंडर अकरा दिवस मागे होतं. म्हणून विजयदिनाच्या तारखेवरून कोणी समाजमाध्यमांवर भांडत असेल तर दोघांनाही बरोबर म्हणून मोकळे व्हा.

कलमं वाचण्यासारखी आहेत. शिबंदी हत्यारांसह, रांगेने, निशाणं फडकवत, नगारे वाजवत बाहेर पडेल; सोबत चार तोफा आणि दोन उखळी तोफा नेईल. रहिवाशांना आपली चीजवस्तू नेता येईल. ज्यांना राहायचंय ते राहतील, त्यांच्या धर्माला धक्का लागणार नाही. वसई शहरात, कसब्यात आणि साष्टीत एकेक चर्च चालू राहील. दोन्हीकडचे कैदी सुटतील. सगळे गलबतांत चढेपर्यंत मराठे शहरात पाऊल ठेवणार नाहीत.

हे शेवटचं कलम बघा. दोन वर्षं ज्या शहरासाठी रक्त सांडलं, त्याच्या फुटलेल्या तटासमोर आठवडाभर थांबायचं. फौजेला लूट दिसते आहे, पगार थकलेले आहेत, पडलेल्या भावाबंदांचा सूड उकळतो आहे, आणि सेनापती सांगतो, थांबा. बुरूज चढवणं सोपं असेल असं मला वाटायला लागतं. भरतीला गलबतं धक्क्याला लागायची, भरायची, ओहोटीबरोबर निघायची, असे आठ दिवस. या आठ दिवसांत एक बंदूक चुकून उडाली असती तरी करार फाटला असता.

याचं श्रेय आपण अप्पांच्या दिलदारपणाला देतो. किल्लेदाराच्या बायकोला साडीचोळी देऊन सन्मानाने परत पाठवल्याची गोष्ट सांगतो. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट थोडी बदलून वसईत बसवलेली असावी, असा माझा दाट संशय आहे. दिलदारपणा असेलही, पण मला त्यात चोख व्यवहार दिसतो. मराठ्यांचं बळ जमिनीवरचं. आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांच्या घरात भाऊबंदकी पेटलेली, मानाजी पेशव्यांच्या बाजूचा तर संभाजी वेगळ्या वाटेचा. समुद्राकडचं दार पक्कं बंद करणं अप्पांच्या हातात पूर्णपणे नव्हतंच. जे दार बंद होणार नाही ते उघडं ठेवायचं आणि त्याची किंमत वसूल करायची, हा सौदा. कोंडलेलं मांजर अंगावर येतं, हे त्यांनी तारापुरात पाहिलं होतं. चार तोफा आणि नगारे त्यांनी दिले. बदल्यात तटबंदीचं शहर, तटावरच्या बाकीच्या तोफा आणि दोनशे वर्षांचा एक प्रांत घेतला. शिवाय उत्तरेला जायला फौज मोकळी. डंकर्कला शत्रू निसटला आणि पाच वर्षांनी परत येऊन जिंकला, म्हणून निसटू देणं ही घोडचूक मानली जाते. वसईहून गेलेले पोर्तुगीज कधी परत आले नाहीत.

गेलेल्यांचे हाल मात्र संपले नाहीत. मुंबईत त्यांनी अख्खा पावसाळा इंग्रजांच्या मेहेरबानीवर काढला. पाऊस सरल्यावर त्यांना चौलला पोचवलं आणि तिथून ते जमिनीच्या वाटेने गोव्याकडे निघाले. गोवा अगदी टप्प्यात आल्यावर वाडीकर सावंतांनी गाठलं आणि सुमारे दोनशे माणसं तिथे पडली. समुद्रातून सुखरूप आलेले घराच्या उंबरठ्यावर मेले. पुढच्याच वर्षी चौलही तहात मराठ्यांना गेलं.

या गोष्टीला एक शेपूट आहे, आणि तेही आपल्या उत्तरेच्या शेजारचंच. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोवा, दमण, दीवमध्ये शिरलं. दमणवर चालून गेली ती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. दमणची 'अंतारेस' नावाची पोर्तुगीज गस्ती नौका निसटली आणि साडेआठशे किलोमीटर समुद्र कापून कराचीला पोचली. बाकीच्यांना पळायला दर्या नव्हता. भारतीय आरमार बाहेर उभं होतं. लिस्बनहून सालाझारचा हुकूम होता की शेवटचा माणूस पडेपर्यंत लढा. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हाने तो मोडला आणि १९ डिसेंबरला शरणागती लिहून दिली. तीन हजारांवर युद्धकैदी पुढच्या मे महिन्यात कराचीमार्गे मायदेशी गेले. माणसं वाचवल्याबद्दल व्हासालो ई सिल्व्हाला सैन्यातून बडतर्फ केलं. १९७४ च्या क्रांतीनंतर कुठे त्याचा हुद्दा परत मिळाला. कायतान द सोझा परेराने १७३९ मध्ये जे केलं, तेच त्याने केलं होतं. फरक एवढाच की लिस्बनमधल्या साहेबाला नकाशा जिवंत हवा होता, माणसं मेली तरी चालणार होती.

आता मागणी. वसईत अप्पांचं स्मारक आहे, वज्रेश्वरीला नवसाचं देऊळ आहे, नाशिकला नारोशंकराची घंटा आहे. विजयाच्या खुणा भरपूर झाल्या. किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदरला रो-रो सुटते. माणसं स्कूटरवर बसून फाटक उघडायची वाट बघत मोबाइल चाळत असतात. तिथे एक फलक लावा आणि त्यावर कराराची कलमं मराठीत छापा, राहिलेल्यांच्या धर्माचं कलम तर ठळक अक्षरात, कारण तेव्हा राहिलेल्यांचे वारस आजही पापडी-निर्मळला आपल्या वाड्यांत आहेत. मजकुरासाठी लिस्बनला माणूस धाडायला नको. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरातून आणि य. न. केळकरांनी 'वसईची मोहीम'मध्ये हा विषय मराठीत केव्हाच आणून ठेवला आहे. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, तेव्हा परवानगीचा कागद दोन-चार टेबलं फिरेल. खर्च वाढदिवसाच्या एका फ्लेक्सहून जास्त येणार नाही.