भिलाईचे छोटे पुरवठादार आणि जेम: ऑर्डर मिळाली, पैसे कधी मिळणार?

तुमचे लेथचे वर्कशॉप असेल, फॅब्रिकेशनची शेड असेल किंवा तुमचा बचत गट कामगारांसाठी एप्रन शिवत असेल, तर भिलाईत सर्वांत मोठे गिऱ्हाईक तुमच्या दाराशीच आहे. पण पोलाद कारखान्याच्या खरेदी विभागात चकरा मारून काम मिळवण्याचे दिवस मागे पडत आहेत. कारखाना चालवणारी सेल कंपनी गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, म्हणजेच जेमवरच्या मोठ्या खरेदीदारांपैकी एक आहे. छत्तीसगडच्या मंत्रिमंडळानेही जुलै २०२४ मध्ये सीएसआयडीसीचे दर करार रद्द करून शासकीय विभागांची खरेदी जेमवरून करण्याचा निर्णय घेतला.

याचा फायदा कोणाला? निविदा आता घरबसल्या दिसते, हे खरे. पण तीच निविदा राजकोट आणि लुधियानाच्या कारखानदारालाही दिसते. जवळ असल्याचा तुमचा फायदा पोर्टलवर फारसा उरत नाही. त्याची थोडी भरपाई सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या खरेदी धोरणात आहे.

या धोरणानुसार केंद्राच्या मंत्रालयांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षभराच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते. त्यातच अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के वाटा आहे. हा हिशेब वर्षाच्या एकूण खरेदीवर होतो. म्हणून अमुक काम तुम्हालाच मिळेल, अशी हमी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

जास्त उपयोगाची तरतूद दुसरीच आहे. समजा, मोठ्या कंपनीने सर्वांत कमी, म्हणजे १०० रुपये दर भरला आणि तुम्ही ११२ रुपये भरला. तुमचा दर १५ टक्क्यांच्या आत आहे. तुम्ही १०० रुपयांवर यायला तयार असाल, तर विभागून देता येणाऱ्या कामाचा किमान २५ टक्के हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांना द्यावा लागतो. शिवाय निविदा अर्ज मोफत मिळतो आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. मात्र उद्यम नोंदणी हवी आणि माल तुम्ही स्वतः बनवलेला हवा. नुसता विकत घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम प्रमाणपत्र मिळते, पण हे लाभ मिळत नाहीत. निविदा भरताना सवलतीचा पर्याय निवडायचा राहिला, तर हक्क असूनही हाती काही लागत नाही. उद्यम आणि जेम, दोन्ही नोंदण्यांना शुल्क नाही, एवढे एजंटाला पैसे देण्याआधी आठवा.

माल पोचल्यानंतर

खरी अडचण इथून सुरू होते. जेमच्या नियमांप्रमाणे माल पोचल्यावर १० दिवसांत स्वीकृतीचे प्रमाणपत्र आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे मिळायला हवेत. पण भिलाईतली अनेक छोटी वर्कशॉप थेट कारखान्याला नव्हे, तर मोठ्या ठेकेदाराला माल देतात. तिथे हे पोर्टल मदतीला येत नाही. तिथे २००६ चा एमएसएमई कायदा लागू पडतो, मग खरेदीदार खासगी का असेना. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असेच धरले जाते. म्हणून चलनावर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय ट्रक परत आणू नका.

पैसे अडकले तर ऑनलाइन अर्ज करता येतो. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला न्यायालयात जायचे असेल, तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. तरीही पुढची ऑर्डर जाईल या भीतीने बरेच जण अर्ज करत नाहीत. ही भीती खोटी नाही, आणि कायद्यात तिच्यावर उपायही नाही.

भांडण न करता पैसे लवकर हवे असतील, तर ट्रेड्स हा मार्ग आहे. त्यावर तुमचे बिल टाकले जाते, बँका ते थोडी सूट कापून विकत घेतात आणि पुढे वसुली खरेदीदाराकडून होते. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी आता सक्तीची आहे. पण खरेदीदाराने तिथे बिल मान्य केले, तरच ते पुढे सरकते. म्हणून ऑर्डर घेतानाच ठेकेदाराला दोन गोष्टी विचारा: तुम्ही ट्रेड्सवर आहात का, आणि आमचे बिल किती दिवसांत मान्य कराल? उत्तर लेखी घ्या.