टोटल स्टेशन घेऊन आमच्या स्टेशनवर

थर्ड इयरचा सर्व्हे कॅम्प कुठं न्यायचा यावर कँटीनमध्ये चर्चासत्र भरलं होतं. कुणी महाबळेश्वर म्हणालं, कुणी गोवा (तिथं सर्व्हे कशाचा करणार ते विचारू नका). मी म्हटलं, "आमच्या घोटीला चला. स्टेशन बघू, घाट बघू." टेबलावर एकच हशा पिकला. आमचा एक मुंबईकर मित्र म्हणाला, "अरे, हेरिटेज म्हणजे सीएसएमटी. तुमच्या घोटीला आहे काय? फलाट, दोन बाकडी आणि न थांबता जाणाऱ्या गाड्या!"

खरं सांगतो, त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, म्हणून हा लेखप्रपंच.

सीएसएमटीबद्दल वादच नाही. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं आराखडा केला, १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं आणि २००४ साली युनेस्कोनं ती इमारत जागतिक वारशाच्या यादीत घेतली. पण तिथून निघालेली गाडी सह्याद्री चढलीच नसती, तर एवढ्या मोठ्या इमारतीचं काय करायचं होतं? त्या चढण्याची गोष्ट आमच्याकडची आहे.

पहिली गाडी १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे आपण चौथीपासून पाठ करतो. पुढचं कुणी विचारत नाही. १८६१ साली रूळ खाली कसाऱ्यापर्यंत आले होते आणि त्याच वर्षी वर इगतपुरी ते नाशिक रेल्वेही सुरू झाली. म्हणजे आमच्या घोटीच्या शिवारातून गाडी धावू लागली तेव्हा मधला घाट जोडलेलाच नव्हता! माणसं आणि माल रस्त्यानं घाट चढायचे आणि वर पुन्हा गाडीत बसायचे. वरच्या भागासाठी लागलेली इंजिनं आणि रूळसुद्धा घाटरस्त्यानंच वर चढवले असणार. क्रेन नाही, ट्रेलर नाही. इथं आपल्याला वर्कशॉपमधलं लेथ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवायचं तर चार दिवस लागतात.

कसारा ते इगतपुरी घाट १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांनी घाटाची आखणी केली, पण काम पुरं झालेलं बघायला ते राहिले नाहीत, १८६२ सालीच वारले. सव्वानऊ मैलांत ९७२ फूट चढ. सगळ्यात कडक चढ सदतीसास एक. मेकॅनिक्सच्या पेपरात हे गणित हमखास येतं, पण करून बघा. हजार टनांची गाडी घेतली तर नुसतं गुरुत्वाकर्षण तिला सत्तावीस टनांच्या जोरानं मागं ओढतं. सपाटीवर तीच गाडी हळू चालवायला याच्या एक चतुर्थांश जोरही लागत नाही. म्हणून कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडायची. त्यांना म्हणतात बँकर.

माझे आजोबा इगतपुरीच्या यार्डात खलाशी होते. बँकर जोडणं, सोडवणं यात त्यांची उमेद गेली. मागच्या रविवारी घरी गेलो तेव्हा त्यांना विचारलं, "आजोबा, घाटात अवघड काय? चढणं ना?" ते हसले. म्हणाले, "चढताना इंजिन थकतं रे. उतरताना माणसाची परीक्षा. आधी बिरेक तपासायचे, मग खाली सोडायची गाडी." उतारावर गाडी हाताबाहेर गेलीच, तर तिला वळवायला चढावर नेणारे बंद फाटे आहेत, कॅच सायडिंग. विजेशिवाय, संगणकाशिवाय, निव्वळ चढाच्या जोरावर गाडी थांबवायची! फेल-सेफ डिझाइन शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठल्या पुस्तकात आहे?

पुढं आजोबा बराच वेळ बोलत होते. २००६ साली घाटातली डीसी जाऊन एसी वीज येईपर्यंत इगतपुरीला इंजिन बदलायचे, ती धावपळ. पावसाळ्यात दरड कोसळली की रात्री-अपरात्री येणारं बोलावणं. मी वहीत लिहून घेत होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "माझ्याबरोबरचे आता तिघंच उरलेत बघ." त्यानंतर मला काही लिहिता आलं नाही.

माझा मुद्दा हाच आहे. आपल्याकडं वारसा म्हणजे नक्षी, घुमट, घड्याळ. मुंबईनं १९९५ साली वारसा नियमावली केली, चांगलंच झालं. भायखळ्याच्या स्टेशनाची डागडुजी इतकी नेटकी झाली की २०२२ च्या युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याला स्थान मिळालं. पण साधी खेड्यातली स्टेशनं, घाटातले पूल, आणि ते चालवायची रीत यांच्याकडं कोण बघणार? ऑस्ट्रियातला सेमरिंगचा घाट १८५४ चा, चढ साधारण आपल्याइतकाच. तो १९९८ साली जागतिक वारसा झाला. आता त्या डोंगराखालून नवा लांब बोगदा होतोय, पण जुना मार्ग त्यांनी मोडीत काढलेला नाही.

आपल्या घाटालाही कमी चढाचा नवा मार्ग काढायची चर्चा बरीच वर्षं आहे. २०२३ साली सुरू झालेली शिर्डी वंदे भारत तर बँकरशिवायच घाट चढते. मी त्याच्या विरोधात नाही हं! माझी आई नाशिकरोडच्या गाडीची वाट बघत फलाटावर किती उभी राहते ते मला ठाऊक आहे. गाड्या वाढल्याच पाहिजेत. पण जे जाणार आहे त्याची नोंद तरी राहू द्या. पूल दगडाचा आहे, शंभर वर्षं टिकेल. बँकर कसा जोडायचा हे सांगणारी माणसं नाही टिकणार.

आणि हे काम आपल्याशिवाय कुणाचं? डिपार्टमेंटनं रेल्वेची रीतसर परवानगी काढावी. सिव्हिलवाल्यांनी टोटल स्टेशन घेऊन खरंखुरं स्टेशन मोजावं, नकाशे काढावेत. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांनी निवृत्त कर्मचाऱ्यांकडं बसून कामाची पद्धत लिहून घ्यावी. एक प्रत आपल्या लायब्ररीत, एक घोटीच्या शाळेत. दरवर्षी तोच तो कॅम्पसमागचा माळ मोजण्यापेक्षा हे बरं की नाही?

सर्व्हे कॅम्पची जागा अजून ठरायची आहे. राहायची सोय आमच्या घरी फुकट, जेवायला घोटीचा भात. फक्त लवकर ठरवा. आजोबांना यंदा एक्याऐंशीवं लागलंय.